ढाल गावात राहिली

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं एक छोटं बाजाराचं गाव. साकोलीकडून येणाऱ्या रस्त्याला लागून दुकानांची एक लांब ओळ, तिच्या मागे घरं, घरांच्या मागे तलाव आणि तलावापलीकडे धानाच्या बांध्या. दुकानांच्या त्या ओळीला सगळे बाजारओळ म्हणत. तिथं बाबांचं दोराचं दुकान होतं. कासरे, दावी, वेसणी, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, पितळी घंट्या, असं सगळं छतापासून लोंबकळत असायचं. उंच माणसानं आत यायचं तर वाकूनच, आणि तरी डोकं घंटीला लागायचंच. त्या आवाजावरून आई मागच्या स्वयंपाकघरात ओळखायची की गिऱ्हाईक आलं.

संक्रांत सरली, मळणी होऊन धान घरात आलं, रिकाम्या बांध्यांत लाखोळी आणि जवस उभी राहिली, की गावाला पटाचे वेध लागायचे. पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. तलावाच्या अंगाला पटाचं मोकळं मैदान होतं. शेजारी शेजारी दोन सरळ धावपट्ट्या. नुसत्या सांगाड्याच्या हलक्या छकडीला जोडी जुंपायची आणि तिच्यावर हाकणारा बसायचा. त्याला धुरकरी म्हणतात. एका वेळी दोन जोड्या सुटायच्या. जिंकेल ती पुढच्या फेरीत जायची, हरेल तिनं घरचा रस्ता धरायचा. अशा फेऱ्या होत होत शेवटी जी जोडी उरेल तिला ढाल मिळायची.

पट तीन दिवस चालायचा, पण गाव त्यात महिनाभर बुडालेलं असायचं. जोड्या लांबून यायच्या. सिहोऱ्याकडून, गोंदियाकडून, वैनगंगेच्या वरच्या अंगाला बालाघाटकडूनही. गावात ना लॉज होतं ना धर्मशाळा. जोडी ज्याच्या अंगणात बांधली, तिचा धनी, धुरकरी आणि त्यांची माणसं त्या घरची पाहुणी. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. शिंप्याच्या घरी दरवर्षी तेच लोक उतरायचे, सायकलवाल्या काकांकडे तेच. आमच्या अंगणात बालाघाटचे एक शेतकरी उतरायचे. त्यांना सगळे बाबूजी म्हणत. पांढरं धोतर, भारदस्त मिशा आणि बैल असे की रस्त्यानं चालले तरी लोक थांबून बघायचे. आई त्यांच्यासाठी लाखोळीच्या डाळीचे वडे करायची, नव्या तांदळाचा भात करायची आणि बैलांच्या पुढ्यात स्वतः गूळ धरायची.

आम्हा मुलींसाठी पटाचं महत्त्व वेगळंच होतं. दिवाळीत माहेरी येणं होतंच, पण भाऊबीजेला प्रत्येकीची ओढाताण असते. नणंदाही त्याच दिवसांत येतात, मग कुणी आधी येते, कुणी नंतर. पटाला मात्र गावच्या साऱ्या लेकी एकाच वेळी यायच्या. लग्न होऊन मी भंडाऱ्याजवळच्या कारध्याला गेले, तरी पटाच्या आदल्या दिवशी भंडाऱ्याहून एसटीत बसायचीच. गाडीतच दोघीतिघी भेटायच्या. मग तीन दिवस आम्ही बाजारओळीत गळ्यात गळे घालून फिरायचो, चुडीवाल्या काकूंच्या ओट्यावर बसून बांगड्या भरायचो आणि मैदानावर एकाच चटईवर दाटीवाटीनं बसायचो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सलायची. आमच्या गावानं ढाल कधी जिंकली नव्हती. बाजाराचं गाव, दुकानदारांचं गाव. शेती होती, पण पटाचे बैल राखण्याइतका जीव कुणी ओतला नव्हता. दरवर्षी एखाददुसरी गावची जोडी उतरायची आणि पहिल्या दुसऱ्या फेरीत हरून यायची. लाऊडस्पीकरवर सायकलवाले काका पुकारा करायचे. त्यांचा आवाज तलावापलीकडे जायचा. गावची जोडी हरली की ते क्षणभर थांबायचे आणि मग तेवढ्याच उत्साहानं दुसऱ्या गावचं नाव घ्यायचे. ढाल बहुतेक वेळा बाबूजींच्या गाडीत बसून बालाघाटला जायची. निरोप देताना आई त्या ढालीलाही कुंकू लावायची. आमची चेष्टा करणारे म्हणायचे, "जेवू घालावं तं तुमीच, अन् ढालही द्यावी तं तुमीच."

मग पट बंद झाला. बैलांच्या शर्यतींवर बंदी आली, तशी आमच्याकडेही आली. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं, पुढच्या साली होईल. पुढच्या साली वाटलं, आता तरी. नंतर वाटणंही थांबलं. लोकांनी पटाचे बैल विकून टाकले, ट्रॅक्टर आले. मैदानावर बेशरमाची झुडपं माजली, बाजाराचा कचरा त्या बाजूला पडू लागला, कुणी विटांचा ढीग रचला, कुणी मोडकी ट्रॉली आणून उभी केली. बाबांच्या दुकानातल्या घुंगरमाळांवर धूळ बसली. भाऊनं हळूहळू नायलॉनचे दोर, कुलपं, नळाचे पाइप असा माल भरला. दुकान चाललं, नाही असं नाही. पण जानेवारी आला की बाबा उगाच मैदानापर्यंत चक्कर मारून यायचे.

आम्हा मैत्रिणींचं एकत्र भेटणंही संपलं. एकमेकींची खबर मिळायची ती कुणाच्या तरी लग्नात, नाहीतर मयतीला.

पट बंद झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी भाऊचं लग्न झालं. वहिनी सिहोऱ्याजवळच्या एका गावची. तिच्या घरी धानाची शेती होती. चार बहिणी, भाऊ नाही, आणि ही सगळ्यांत मोठी. त्यामुळे वडिलांच्या बरोबरीनं नांगर, वखर, बंडी, सगळं तिच्या हातचं. आमच्या घरात ती आली ती दुकानाच्या गल्ल्यावर बसण्यासाठी. बसलीही नीट. गिऱ्हाइकाशी गोड बोलायची, दोर हातानं मापून द्यायची. पण रस्त्यानं बैलबंडी गेली की तिचं बोलणं मध्येच थांबायचं. बंडी दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहायची आणि मग विचारायची, "हं, किती हात म्हनलं तुमी?"

तिच्याकडून मला कळलं की लहानपणी ती आणि तिच्या बहिणी शेताच्या पांदण रस्त्यावर जोड्या पळवायच्या. वडील ओरडायचे, मग हळूच विचारायचे, जिंकलं कोण. तिच्या वडिलांनी बैलांना कधी काठी लावली नव्हती. त्यामुळे तिच्याही हाताला काठीची सवय नव्हती. बैलांना ती आवाजानं चालवायची. गोठ्यात जन्मल्यापासून ती त्यांच्याशी इतकं बोलायची की, तिच्या म्हणण्याप्रमाणे, बैलांना तिचं सगळं कळायचं आणि तिला बैलांचं.

पट पुन्हा सुरू होणार, परवानगी मिळाली, ही बातमी गावात आली तेव्हा मी माहेरीच होते. सायकलवाले काका धापा टाकत दुकानात आले. नियम कडक होते. बैलाला मारायचं नाही, टोचायचं नाही, हातात काठी दिसली तरी जोडी बाद. बाबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि लगेच मागोमाग काळजी आली. पट घ्यायचा तर गावानं, पण गावात आता जोडीच नव्हती. पाहुण्यांना बोलवायचं आणि आपल्या घरचा एकही बैल मैदानात नाही, हे त्यांना पटत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. वहिनी वाढत होती. भाताचं पातेलं खाली ठेवून ती म्हणाली, "मामाजी, माझ्या बाबाजवळ जोडी हाय. पांढरा अन् तांबडा. दोघंही आमच्याच गोठ्यातले. आनू का?"

बाबांनी घास तसाच धरून ठेवला.

भाऊ म्हणाला, "आनशीन, पन हाकन कोन?"

"मी हाकीन."

मग भाऊनं एकेक करून सगळं मांडलं. दुकान कोण बघणार, लोक काय म्हणतील, बाजारओळीची सून छकडीवर बसलेली आजवर कुणी पाहिली आहे का, आणि हातपाय मोडला तर. त्याचं चुकत होतं असं नाही. बायको पडेल याची त्याला खरीच भीती वाटत होती, फक्त ती भीती सांगताना तो लोकांचं नाव पुढे करत होता. आईनंही मान हलवली. तिनं एवढंच विचारलं, "पडलीस म्हंजे?"

"पडली तं उठीन, आत्याबाई."

बाबा उठले, हात धुतले आणि पुसत पुसत म्हणाले, "जोडी आनू दे. मंग पाहू." एवढ्यावर त्या दिवशी विषय थांबला. पण बाबा माजघरातून थेट दुकानात गेले आणि स्टुलावर चढून धूळ खात पडलेल्या घुंगरमाळा खाली काढू लागले, ते मी पाहिलं.

जोडी आली. वहिनीचे वडील स्वतः घेऊन आले. दोन्ही बैल तरणे, अंगानं फार मोठे नव्हते. बाबूजींच्या बैलांपुढे ते वासरंच वाटले असते. त्यांना बांधायला आमच्याकडे गोठा नव्हता. भाऊची मोटारसायकल आणि पाइपांचा माल ज्या शेडमध्ये असायचा ती रिकामी झाली. पाइप माजघरात आले. मग कितीतरी दिवस आम्ही पाइप ओलांडूनच स्वयंपाकघरात जात होतो.

रोज उजाडलं की वहिनी जोडी घेऊन नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्यावर जायची. परत येऊन अंघोळ करून, कुंकू लावून दुकान उघडायची. बाजारओळीत कुजबुज झालीच. काही जण दोर घ्यायच्या निमित्तानं आत येऊन तिला निरखून जायचे. जुने धुरकरी तर हसायचेच. काठीशिवाय बैल पळत नसतो, हे त्यांचं ठाम मत. वहिनी त्यांच्याशी वाद घालत नव्हती.

एका सकाळी ती खरचटलेला कोपर आणि मातीनं भरलेली साडी घेऊन परतली. वळणावर साडी पायात अडकली आणि ती छकडीवरून पडली. आईनं तिला ओट्यावर बसवलं, कोपर धुतला, हळद लावली. आम्हाला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वहिनी बैल सोडायला गेली, तर आई आधीच शेडमध्ये उभी. एका हातात बैलांसाठी गूळ, दुसऱ्या हातात आपलं धुवट नऊवारी लुगडं.

आई म्हणाली, "पाचवारी पायात येते. हे कासोटा घालून नेस. चाल, मी दाखवतो."

त्यानंतर भाऊनंही वाद घातला नाही. तो छकडीच्या चाकांना वंगण घालू लागला. आधी रोज एकदा, मग दिवसातून दोनदा, इतकं की चाकाखालची माती काळी झाली.

इकडे मैदानाचं काम निघालं. त्याला कुणाला बोलवावं लागलं नाही. बाबा आणि सायकलवाले काका फावडं घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी शिंपी आला, मग चुडीवाल्या काकू विळा घेऊन आल्या आणि त्यांच्या मागे ओळीतल्या सगळ्या बायका. बेशरमाची झुडपं मुळासकट निघाली. ज्याच्या विटा होत्या त्यानं आपण होऊन विटा उचलल्या. मोडकी ट्रॉली कुणाची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्यांनी मिळून ती ढकलत नेऊन भंगारवाल्याच्या दारात उभी केली. तलावावरच्या धीवर लोकांनी जाळ्यांचे दोर ताणून धावपट्ट्यांच्या सरळ रेषा आखून दिल्या. दुपारी कुणाकडून पोहे यायचे, कुणाकडून चहा. इतक्या वर्षांनी सगळी ओळ एका ठिकाणी बसून खात होती. जे दोन शेजारी नालीवरून भांडून बोलत नव्हते, ते एकाच पेपरच्या तुकड्यावर भजी खाताना मी पाहिले.

माझ्याकडे काम होतं फोनचं. मधे चार दिवस सासरी जाऊन आले, तेव्हा कारध्याहून मी एकेका मैत्रिणीचा नंबर शोधला. कुणी नागपूरला, कुणी दुर्गला, एक तर पुण्याला. पहिल्या फोनला मी बरीच प्रस्तावना केली. नंतर लक्षात आलं की त्याची गरज नाही. "पट आहे, ये" एवढं म्हटलं की पलीकडून लगेच यायचं, "केव्हा?"

पटाच्या आदल्या दिवशी जोड्या यायला लागल्या. पूर्वी चालत यायच्या, आता टेम्पोतून उतरत होत्या. घरांची अंगणं सिमेंटची झाली होती, कित्येकांना अंगणच उरलं नव्हतं. तरी पाहुणा परत गेला नाही. मोबाइलच्या दुकानापुढे एक जोडी, पिठाच्या गिरणीच्या पडवीत एक, ब्युटी पार्लरच्या पायरीशी एक. पार्लरवाली नवी मुलगी आधी घाबरली, संध्याकाळी बैलांच्या कपाळावर हळदीकुंकू लावत होती.

दुपार कलल्यावर आमच्या दारात टेम्पो थांबला आणि बाबूजी उतरले. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, चालताना मुलाच्या खांद्यावर हात होता. आता जोडी मुलगा हाकत असे. बाबांनी त्यांना मिठी मारली. दोघेही म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापट्या मारत बराच वेळ उभे होते. बाबूजींचे बैल तसेच, उंच, लोण्यासारख्या कातडीचे. त्यांच्या शेजारी शेडमध्ये आमचे पांढरा आणि तांबडा आणखीच लहान दिसले.

रात्रीचं जेवण वहिनीनंच वाढलं. वडे, नवा भात, वांग्याची भाजी. बाबूजींना कुणीतरी सांगितलं की उद्या मैदानात हीच आहे. ते ताटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बहू, तुमच्या हातचं खाऊन उद्या तुमालेच हरवाचं, मनाले बरं नाही वाटत."

वहिनी म्हणाली, "हरवा ना बाबूजी. पन आधी भात घ्या."

ते खळखळून हसले आणि त्यांनी ताट पुढे केलं.

पहिल्या दिवशी मैदान फुललं. इतकी माणसं मी त्या मैदानावर लहानपणीही पाहिली नव्हती. जिलेबीच्या कढया, फुगे, पाळणा, उसाचा रस. आम्ही मैत्रिणी जुन्या सवयीनं एकाच चटईवर दाटीनं बसलो. प्रत्येकीचा आकार वाढलेला, चटई तेवढीच. सायकलवाल्या काकांचा आवाज थोडा थरथरत होता, पण माइकवर आला की पूर्वीसारखाच तलावापलीकडे जात होता.

नव्या नियमानं मोठीच गंमत केली. सुटायच्या जागी धुरकऱ्यांचे हात तपासून मगच जोडी पुढे सोडत. काठीच्या भरवशावर वाढलेल्या कित्येक जोड्या नुसत्या उभ्या राहिल्या. एक जोडी अर्ध्या वाटेत थांबून कडेचं गवत खाऊ लागली. धुरकरी विनवण्या करत होता आणि अख्खं मैदान हसत होतं. आदल्या आठवड्यात वहिनीला हसणारे दोन जुने धुरकरी त्याच दिवशी बाद झाले.

वहिनीची पहिली फेरी आली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. आईचं लुगडं कासोटा मारून नेसलेली, पदर कमरेला घट्ट खोचलेला, ती छकडीवर बसली. तिनं दोन्ही बैलांच्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि काहीतरी बोलली. झेंडी पडली. तिनं लांब, चढत जाणारी एक हाक दिली. पांढरा आणि तांबडा असे निघाले, जणू त्या हाकेनंच त्यांना ओढून नेलं. दुसरी जोडी कुठे राहिली ते पाहायला कुणाला सुचलंच नाही. दुसरी फेरी जिंकली, तिसरी जिंकली. दुसऱ्या दिवशीही जिंकत गेली. काकांनी माइकवर तिला आधी "दोरवाल्यांची सून" म्हटलं, मग "बाजारओळीची जोडी" आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नुसतंच "आपली जोडी".

शेवटच्या फेरीत दोनच जोड्या उरल्या. आपली आणि बाबूजींची.

भाऊ सुटायच्या जागेवर छकडी धरून उभा होता. बाबा जिंकायच्या रेषेपाशी खुर्चीवर होते, एका बाजूला बाबूजी, दुसऱ्या बाजूला वहिनीचे वडील. आई चटईवर आमच्यात येऊन बसली. तिनं माझं मनगट धरलं होतं.

झेंडी पडायच्या ऐन वेळी गर्दीत कुणीतरी फटाका लावला. तांबडा बिचकला, मान वळवून आडवा झाला. झेंडी मात्र पडली होती. बाबूजींची जोडी सुटली आणि आपली जागच्या जागी. मैदानातून एकच हाय निघाली. मी डोळे मिटायला गेले, पण आईनं मनगट इतकं दाबलं की डोळे उघडेच राहिले.

वहिनीनं कासरा ओढला नाही की आरडाओरडा केला नाही. ती पुढे वाकली, तांबड्याच्या पुठ्ठ्यावर तळहात टेकवला. ती काय बोलली ते इतक्या लांबून कुणाला ऐकू येणार. तांबडा सरळ झाला. मग ती हाक आली, पहिल्या दिवशीपेक्षा लांब. आणि ते दोन लहान बैल जमिनीवर पाय टेकतात की नाही असं वाटावं तसे धावले. निम्म्या अंतरावर बाबूजींची जोडी छकडीभर पुढे होती. त्यानंतर अंतर कमी होत गेलं. चटईवर आम्ही सगळ्या उभ्या होतो, कोण कुणाला धरून उभी आहे याचा पत्ता नव्हता. पुण्याची मैत्रीण, जी दोन दिवस धुळीनं खोकत होती, ती सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती. रेषेजवळ दोन्ही जोड्या बरोबरीला आल्या आणि पुढच्याच क्षणी पांढऱ्याचं तोंड पुढे निघालं, मग तांबड्याचं. एका मानेनं आपली जोडी रेषेपार गेली.

लाऊडस्पीकरमधून आवाज आला नाही. सगळे काकांकडे बघू लागले. माइक हातात धरून ते रडत होते. शेवटी शिंप्यानं माइक घेतला आणि म्हणाला, "ढाल आपली आहे. ढाल गावात राहिली."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बाबूजी काठी टेकत छकडीपर्यंत गेले. त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढून आधी तांबड्याला दिला, मग पांढऱ्याला, आणि वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या मुलानं खाली उतरून वहिनीला वाकून नमस्कार केला. वहिनीचे वडील खुर्चीवरून उठत होते, तेवढ्यात वहिनीच त्यांच्याकडे धावत आली. तेव्हा ते आजूबाजूच्यांना सांगत सुटले, "चौथीही पोरगीच झाली तवा लोक माह्याकडं हळहळायले आले होते. आता म्हना, या अन् पाहा."

मिरवणूक बाजारओळीतून निघाली. पुढे बँड, मग बैल, गळ्यात बाबांच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या सगळ्या घुंगरमाळा. वहिनी बैलांच्या मधे चालत होती, हात दोघांच्या मानेवर. भाऊनं ढाल डोक्यावर घेतली होती आणि कुणी मागितली तरी देत नव्हता. बायका नाचल्या. चुडीवाल्या काकू, ज्यांना मी कधी ओट्यावरून उतरून दहा पावलं चालताना पाहिलं नव्हतं, त्या बँडपुढे फुगडी घालत होत्या. आमच्या दारात मिरवणूक थांबली. आईनं बैलांचे पाय धुतले, सुनेला ओवाळलं. बाबा दुकानाच्या उंबरठ्यावर उभे होते. त्यांनी वहिनीला विचारलं, "दमली का?" ती म्हणाली, "नाही मामाजी." बाबा म्हणाले, "मी दमलो," आणि हसत हसत पायरीवर बसले.

तेव्हापासून पट दरवर्षी होतो. आता बायकांच्या वेगळ्या फेऱ्याही असतात, आणि वहिनी दोन्हीकडे उतरते. कधी जिंकते, कधी हरते. एकदा ढाल बाबूजींच्या मुलानं परत नेली आणि आईनं पूर्वीसारखंच तिला कुंकू लावलं. नहराच्या रस्त्यावर सकाळी आणखी दोनतीन मुली जोड्या घेऊन दिसतात, त्यांत एक शिंप्याची नात आहे. पाइप शेडमध्ये परत गेलेच नाहीत. भाऊनं त्यांच्यासाठी वेगळी खोली बांधली.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती पहिली ढाल जिंकली त्या दिवसाची संध्याकाळ. मिरवणूक संपल्यावर आम्ही साऱ्या लेकी पुन्हा मैदानावर जाऊन बसलो. दुकानं उठत होती. जिलेबीवाल्यानं उरलेली जिलेबी आमच्यापुढे ठेवली आणि कढई पालथी घातली. तलावावर ऊन तिरपं झालं होतं. भंडाऱ्याची शेवटची एसटी रस्त्यावर थांबली. एरवी घंटी देऊन लगेच निघणारा कंडक्टर खाली उतरला, मैदानाच्या कडेपर्यंत आला. त्याला शर्यतीची हकीकत ऐकायची होती. आम्ही सगळ्या एकदम सांगायला लागलो. तो हसत ऐकत राहिला, मग त्यानं विचारलं, भंडाऱ्याला कोण कोण येणार आहे.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कुणीच उठलं नाही.

"मग उद्या," असं म्हणून तो जिलेबीचा एक तुकडा उचलून गाडीकडे गेला, आणि गाडी आमच्याशिवाय भंडाऱ्याच्या वाटेला लागली.